थंड इंजिनाची साक्ष

हिकमत आमच्या बैठकीत बसून कॉफीची वाट बघत होता, आणि मी आत सावकाश दाढी करत होतो. बसू दे म्हटलं. ज्या माणसाने माझ्या भावाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, त्याला माझ्या घरी थोडं ताटकळावं लागलं तर काय बिघडतं?

माझा भाऊ सलामा खालच्या खोऱ्यातून वर आमच्या सल्त गावाला प्रवासी व्हॅन चालवायचा. व्हॅनचं सगळं काम नाक्यावरच्या हिकमतच्या गॅरेजात. एकदा भरलेली गाडी घेऊन सलामा चढ चढत आला. तो चढ असा की खालपासून वरपर्यंत रेसवरचा पाय काढता येत नाही. माथ्यावर आल्यावर त्याने पाय उचलला, पण रेस उतरलीच नाही. समोर भाजीबाजार. पूर्ण रेसवर इंजिन असलं की ब्रेक दगडासारखा होतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. सलामाने गाडी भिंतीवर घातली. भिंतीला टेकून अबू शिब्ली खुर्ची टाकून बसले होते. म्हाताऱ्याचं कंबरेचं हाड मोडलं.

पोलिसांनी गाडी तपासायला दिली कोणाला, तर हिकमतलाच. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पेडल दाबलं, सोडलं, आणि हात पुसत सांगितलं, "गाडीत काही दोष नाही. ब्रेक समजून याने रेस दाबली असणार."

मग काय, आमची वडीलधारी मंडळी अबू शिब्लींच्या दारी गेली, माना खाली घातल्या, चूक आमची म्हणून कबूल केलं. त्यांनी माफ केलं. भला माणूस. पण सलामाच्या गाडीत परत कोण बसणार? पोरं त्याला 'उलटा पाय' म्हणू लागली. आता तो मेहुण्याच्या दुकानात कांदे तोलतो, आणि त्याची स्वतःचीच खात्री झाली आहे की पाय त्याचाच चुकला. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी तेव्हा अकाबाला बंदरावरचे ट्रक दुरुस्त करत होतो. ईदला घरी आलो तर व्हॅन अंजिराखाली ताडपत्री पांघरून उभी.

"हात लावू नकोस तिला, नायेल," सलामा म्हणाला.

"बरं," म्हटलं, आणि तो दुकानात गेल्यावर बॉनेट उघडलं.

त्याच्या मुलीला, रुबाला, सीटवर बसवलं. दाब म्हटलं, सोड म्हटलं. इंजिनातली रेसची झडप नीट मिटत होती. मग आम्ही दोघं गाडी खोऱ्यात घेऊन गेलो आणि तोच चढ रेस दाबून चढलो. माथ्यावर पाय उचलला, गाडी गरीब गाईसारखी उतरली. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली. म्हटलं, खरंच पाय चुकला की काय याचा?

"काका, तुम्हीपण?" रुबा म्हणाली. माझं तोंड वाचते कार्टी.

घरी येऊन रेसची केबल पुरती बाहेर काढली. हाताने ओढून बघितली तर एका जागी जराशी, अगदी जराशी अडत होती. तिथे वरचं वेष्टण कापलं. आतली प्लास्टिकची नळी वितळून गोळा झालेली. केबल वितळायला ताप हवा, आणि ताप सायलेन्सरच्या पाइपाचा. पण ही जागा तर पाइपापासून वीतभर लांब होती, एका नव्याकोऱ्या चकचकीत क्लिपमध्ये अडकवलेली. सगळं इंजिन तेलाने काळंकुट्ट आणि ही एकच क्लिप नवरीसारखी. पाइपाच्या ब्रॅकेटवर बघितलं, तर तिथे तार आवळल्याचा चरा.

रुबाने चहाची किटली आणली. केबलचा तो तुकडा उकळत्या पाण्यात धरला आणि ओढला. आतली तार पुढे गेली, परत आली नाही. गार पाण्यात धरला, सुतासारखी सरकली.

समजलं? हिकमतने मुळात क्लिप तुटली म्हणून केबल तारेने गरम पाइपाला बांधून दिली होती. चढाला पाइप लालबुंद झाला की केबल आतून चिकटायची. अपघातानंतर गाडी त्याच्याकडे गेली, तेव्हा त्याला ते दिसलं. दिसलं म्हणूनच तर तार काढून त्याने नवी क्लिप लावली. आणि मग बाहेर येऊन माझ्या भावाचा पाय चुकला म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाना घेऊन मी तसाच निघालो होतो.

"थांबा," रुबा म्हणाली. "शुक्रवारी ते आपल्याकडे येणार आहेत. लैथसाठी मला मागायला."

लैथ म्हणजे हिकमतचा मुलगा. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"मला लैथ आवडतो, काका. त्याला यातलं काही माहीत नाही. पण बाबांच्या नावावरचा चिखल तसाच ठेवून मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. पाना ठेवा खाली. त्यांना कॉफी देऊ."

पोरगी माझ्यापेक्षा पोचलेली. मी पाना ठेवला, सलामाला अक्षर सांगितलं नाही, आणि शुक्रवारी आमच्या बाजूने बसायला अबू शिब्लींना आमंत्रण धाडलं.

तर दाढी आटोपून मी बैठकीत गेलो. मागणी घालायला आलेली हिकमतकडची माणसं भिंतीला लागून बसली होती, मधोमध शेख मिस्काल, ज्यांचा शब्द आख्ख्या सल्तमध्ये कोणी खाली पडू देत नाही. समोर सलामा, शेजारी काठी धरून अबू शिब्ली. कॉफी फिरली. शेखसाहेबांनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले.

"सलामा, तुझी मुलगी आम्ही लैथसाठी मागतो," शेख म्हणाले. "तुझा होकार येईपर्यंत ही कॉफी आम्ही पिणार नाही. उत्तराशिवाय उठणारही नाही."

हिकमत गालातल्या गालात हसत होता. 'उलट्या पाया'ची मुलगी मागतोय, म्हणजे उपकारच करतोय असा तोरा.

"शेखसाहेब, उत्तर भाऊच देईल," मी म्हणालो. "त्याआधी माझं हिकमतशी थोडं गॅरेजचं काम आहे." आणि केबल, क्लिप, गरम पाण्याची किटली त्याच्यापुढे मांडली. "तू मिस्त्री, मीही मिस्त्री. ओढून दाखव."

"आजच्या दिवशी हे काय काढलंस, नायेल?" तो म्हणाला. हसू गेलं होतं.

"ओढ ना. पेडल दाबून साक्ष देताना बरा हात चालला होता."

तो हलेना. लैथ उठला, त्याने केबल पाण्यात धरून ओढली. आतली तार गेली ती गेलीच. त्याने बापाकडे बघितलं.

"ही क्लिप कोणी बसवली, बाबा?"

शेख मिस्काल हळूच म्हणाले, "हिकमत, मी तुझ्यासाठी माझी पत पणाला लावून इथे आलोय. बोल."

"मी," हिकमत म्हणाला. "तार मीच बांधली होती. नंतर काढलीही मीच." मग सलामाकडे न बघता, "गॅरेज बुडालं असतं."

"आणि हा बुडाला ते चाललं?" अबू शिब्ली म्हणाले. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "म्हणजे मी माफ केलं ते भलत्यालाच. उद्या तू माझ्या दारी ये, माणसं घेऊन. मान कशी खाली घालायची ते याच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ये."

मला वाटलं, आता सलामा त्याची गचांडी धरणार. मला तेच हवं होतं, कबूल करतो. पण सलामा केबल हातात घेऊन नुसता बसला होता. मग तो उठला.

"अबू शिब्ली, घरी कसे जाणार?"

"पोरगा येईल न्यायला."

"मी सोडतो. नायेल, नवी केबल घातलीस ना?"

"घातली."

म्हाताऱ्याने एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. दारात सलामा थबकला.

"शेखसाहेब, माफ करा. उत्तर मी येऊन देतो."

आतून रुबाचा आवाज आला, "बाबा, घाई करू नका. सावकाश या."

व्हॅन सुरू झाली. अबू शिब्लींचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण आवाज खाली खोऱ्याकडे, त्याच चढावरून उतरत गेला. उत्तर मिळेपर्यंत प्यायचं नाही की उठायचं नाही. मी हिकमतच्या बरोबर समोर मांडी घालून बसलो. त्याने एकदा पेल्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्याची कॉफी गार झाली होती, आणि मी ती बदलायला कोणाला सांगितलं नाही.