कवच काढून दाखवा

सभागृहातल्या खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या, तरी माणसं आत शिरतच होती. व्यासपीठावर एक टेबल, त्यावर चंदेरी लॅपटॉप आणि शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेल्या दोन बादल्या. कवचबाबांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, डोळे मिटले आणि सोडून दिला.

धप्प!

बायकांनी तोंडावर हात नेले. बाबांनी वाकून झाकण उघडलं. पडदा लख्ख पेटलेला. टाळ्यांनी छत हादरलं.

"हा लॅपटॉप कसला?" कॉलरला लावलेल्या माइकमधून बाबांचा आवाज घुमला. "साधा! बाजारातला! तुमच्या घरी आहे तसाच! फरक एवढाच, की याच्या पाठीवर माझं कवच आहे. यंत्रालाही भीती वाटते, बरं का! पाण्याची भीती, धुळीची भीती, पडण्याची भीती! मी ती भीती शोषून घेतो. भीती गेली, की बिघाड गेला!"

कवच म्हणजे बोटभर लांबीची तांब्याची पट्टी. यंत्राची भीती बाबा नेमकी कुठल्या भोकातून शोषतात, हे कुणी विचारत नव्हतं.

मी तिसऱ्या रांगेत बसून तो 'धप्प' पुन्हा पुन्हा आठवत होते. बावीस वर्षं मी लॅपटॉप दुरुस्त करते. साधा लॅपटॉप पडला की कडाड वाजतो आणि उचलला की आत एखादा स्क्रू खुळखुळतो. हा पडला तो धान्याचं पोतं पडावं तसा. तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता.

माझा दादा डोंगरउतारांची मोजणी करतो. उताराला तडा गेला की तिथे मोजपट्ट्या आणि तारा बसवायच्या आणि तारा लॅपटॉपला जोडायच्या. तडा ठराविक मापापेक्षा रुंदावला की लॅपटॉप खालच्या रस्त्यावरचा भोंगा वाजवतो आणि रस्ता रिकामा होतो. या कामासाठी कचेरीने त्याला दणकट लॅपटॉप दिला होता. कोपऱ्यांना जाड रबर, आत धातूची चौकट, कळांखाली पाणी अडवणारा पडदा, प्रत्येक छिद्राला घट्ट झाकण. वजन मात्र विटेसारखं. दादा त्याला ठोकळा म्हणायचा. नऊ वर्षं तो ठोकळा चिखलात, पावसात, जीपच्या टपावर राहिला. एकदा बिजागरी तुटली, ती मी बदलली. तेवढंच.

मग दादाला कवचबाबा भेटले.

"एवढं ओझं वाहतोस? हे ओझं यंत्राचं नाही बाळा, तुझ्या भीतीचं आहे. ते इथे ठेव. एखादा हलका लॅपटॉप घे आणि त्याला कवच लाव."

दादाची पाठ दुखत होती. त्याने ठोकळा बाबांच्या पायाशी ठेवला आणि घरचा सडपातळ लॅपटॉप पट्टी लावून डोंगरावर नेला. मला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर मी काय बोलले असते, हे त्याला माहीत होतं.

चौथ्याच दिवशी भर दुपारी पाऊस आला. दादाने लॅपटॉप झाकला नाही, कवच होतं ना! दहा मिनिटांत पडदा काळा पडला. तडा रुंदावत होता, पण भोंगा वाजवायला कुणी उरलं नव्हतं. फोनला रेंज नव्हती. दादा ओरडत उतारावरून पळत सुटला. तो रस्त्यापर्यंत पोचायच्या आत दरड खाली आली. त्याचं ओरडणं ऐकून रस्त्यावर काम करणाऱ्या सगळ्या मजुरांना पुढे ढकलून त्यांचा मुकादम शेवटी निघाला होता. त्याचा उजवा पाय गेला.

दादाला कचेरीने घरी बसवलं. तो बाबांकडे गेला, तेव्हा बाबा म्हणाले, "कवच खरंच होतं. तुझी श्रद्धा कमी पडली."

आणि दादाला ते पटलं! दोन महिने तो जेवणाच्या ताटावर बसून एकच म्हणायचा, "माझी श्रद्धा कमी पडली गं." त्या एका वाक्याचा मला जेवढा संताप आला, तेवढा आयुष्यात कशाचा आला नव्हता. पाय घालवलात तो घालवलात, वर दोषही माझ्या भावाच्याच गळ्यात? त्या संतापातच मी ठरवलं की या माणसाला भरल्या सभेत उघडा पाडायचा. मी न्याय करायला नव्हते निघाले. मला सूड हवा होता, ते का लपवू?

दादा त्या दिवशी सभागृहात पहिल्या रांगेत होता. बाबांची क्षमा मागायला आला होता. मुकादमाला मी सोबत आणलं होतं, कुबडीसकट.

"आता जलपरीक्षा!" बाबा म्हणाले. "कोण येतंय सेवेला?"

मी हात वर करून उठलेसुद्धा.

"ये ताई, ये. घाबरू नकोस. ओत बादली!"

"ओतते, बाबा. आधी जरा हे काढते." मी लॅपटॉप उलटा केला, नखाने तांब्याची पट्टी उचकटली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. सभागृहात कुजबुज झाली. बाबांनी तोंड उघडेपर्यंत अख्खी बादली मी कळांवर उपडी केली होती.

पाणी कळांवरून कडेने भळाभळा वाहून गेलं. पडदा तसाच लख्ख.

"कवच काढलंय, तरी चालतोय!" मी ओरडले. कोपऱ्यावरचा चंदेरी रंग मी नखाने खरवडला. खाली काळं रबर निघालं. बॅटरीचं झाकण उघडलं. आत माझ्याच हाताने चिकटवलेली चिठ्ठी होती: बिजागरी बदलली. खाली माझी सही.

"दादा, हा तुझा ठोकळा आहे. रंग फासलाय याला. हा पाण्यात टिकतो, कारण तो पाण्यात टिकावा म्हणूनच बनवलाय. कारखान्यातल्या माणसांनी!"

"खोटं आहे!" बाबा कडाडले. "माझी शक्ती अजून त्यात—"

"बरं. मग ती शक्ती इथे लावू." बाबांचा स्वतःचा पातळ लॅपटॉप शेजारच्या चौरंगावर गाणी वाजवत होता. मी पट्टी त्याच्या पाठीवर चिकटवली. "मंत्र तुम्हीच म्हणा. काही कमी राहायला नको."

दुसरी बादली उचलायला मी वळले, तर तिच्यावर आधीच एक हात होता. मुकादम कुबडी टेकत केव्हा वर आला, मला कळलंच नाही. मी त्याला काहीही करायला सांगितलं नव्हतं.

"बाबा," तो शांतपणे म्हणाला, "ओतू?"

"अरे ए! थांब! माझं सगळं आहे त्यात!"

"पण कवच आहे ना?"

"कसलं कवच! तांब्याची पट्टी आहे ती नुसती! साध्या लॅपटॉपवर पाणी ओतलं तर जळणारच ना, मूर्खा!"

कॉलरवरचा माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला.

मुकादमाने क्षणभर बाबांकडे पाहिलं. मग बादली उपडी केली. गाणं मध्येच तुटलं, पडदा एकदा थरथरला आणि काळा झाला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

बाबा मागच्या दाराने निसटायला गेले, पण तिथेही माणसं उभी होती. पोलीस आले. पाण्याने पुरावा गेला, असं बाबांना वाटलं असणार. मी त्या लॅपटॉपमधली डिस्क सगळ्यांसमोर काढून पोलिसांच्या हाती दिली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून ती सुकवून वाचूनही दिली. कुणाकुणाचे दणकट लॅपटॉप पायाशी ठेवून घेतले आणि पुढे कुणाला विकले, त्याची अख्खी यादी निघाली. त्यात एक रुग्णवाहिकेचा होता आणि एक बंदरावरच्या बचाव पथकाचा.

सभागृह रिकामं झालं तरी दादा खुर्चीतच बसून होता. मी शेजारी जाऊन बसले.

"म्हणजे माझी श्रद्धा कमी पडली नव्हती?"

"नाही दादा. श्रद्धा भरपूर होती. तुझ्या लॅपटॉपच्या छिद्रांना झाकणं नव्हती."

"मग चूक कुणाची?"

मला खोटं बोलता आलं असतं. "फसवणूक त्याची. न विचारण्याची चूक तुझी. एकदा घरीच पट्टी लावून त्या लॅपटॉपवर पेलाभर पाणी ओतून पाहिलं असतंस, तर मुकादमाचा पाय वाचला असता."

तो रडला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच रडला. मग उठून मुकादमाकडे गेला. ते दोघं काय बोलले, ते मी विचारलं नाही.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. दणकट लॅपटॉपचाही देव करू नका. त्याचं एक झाकण उघडं राहिलं तर तोही मरतो. रबर पाहा, झाकणं दाबून बघा, कामाची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे दुसरा भोंगाही ठेवा. आणि एखादी वस्तू कुणाच्या कृपेने चालते असं कुणी सांगितलं, तर आधी ती कृपा बाजूला काढायला लावा आणि तोच प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हणावं. तो चिडला तर चिडू द्या. तुम्ही विचारत राहा.