आतली कडी

शेवटचा स्क्रू आवळताना पेचकस निसटून लेकीच्या अंगठ्याला लागला. अंगठा तोंडात धरून तिने दुसऱ्या हाताने कडी सरकवून पाहिली. नीट बसली होती. सुताराची लेक ती, एवढं तिला येत होतं.

"आईला जाऊन महिना झाला नाही, आणि हिला सुतारकाम सुचतंय," मावशी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"बाबांना सकाळी शांत बसायचं असतं. सारखं कुणीतरी दार ढकलतं."

"ढकलणारच. तुझ्या आईने जुनी कडी उगीच नव्हती काढली." मावशीचा आवाज खाली आला. "बंद दाराआड भाऊजी काय करायचे, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय."

लेकीनेही पाहिलं होतं. गावभर दारं बसवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खोलीच्या दाराला कडीच्या जागी इतकी वर्षं नुसती भोकं होती. पुढे बाबा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. दारू सुटली, आणि रोज कामाला निघण्याआधी ते त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसू लागले. आजचा दिवस निभू दे, एवढंच मागायचं, असं तिथे शिकवलं होतं. ते बसले की थोड्या वेळाने आई चहा घेऊन आत शिरायची. कप ठेवताना वाकायची, जरा जास्तच वाकायची. एकही सकाळ तिने त्यांना निवांत बसू दिलं नाही. लेकीलाच त्याची लाज वाटायची.

संध्याकाळी बाबांनी कडीवरून बोट फिरवलं.

"सरळ बसवलीस हो."

"आता तुम्हाला कुणी उठवणार नाही."

त्यांनी ती एकदा लावून उघडली. मग मान हलवून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून कडी लागली. लेकीने चहा झाकून ठेवला, मावशीला भांडी वाजवू दिली नाहीत. ऊन ओट्यावर आलं तरी दार उघडेना. मावशी एकदा दाराकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. शेवटी बाबा बाहेर आले, तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"बसलात ना शांतपणे?"

"शांत होतं खरं. उठायचं कधी, तेच कळेना."

चहा न घेताच ते कामाला गेले.

परत यायला अंधार झाला. लेक फाटकापाशी उभी होती. बाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर टेकले.

"कुठे होता इतका वेळ?"

"जुन्या गुत्त्यासमोर. बाकावर." त्यांनी वर पाहिलं. "आत नाही गेलो."

तिने मान डोलावली. विश्वास ठेवावा की नाही, हे तिला कळत नव्हतं, आणि तिला कळत नाही हे त्यांना दिसत होतं.

"तुझी आई चहा घेऊन यायची ना सकाळी," ते म्हणाले, "ती माझ्या तोंडाचा वास घ्यायला यायची. तिला वाटायचं, मला पत्ताच नाही."

"तुमची प्रार्थना मोडायची ती."

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अगं, देवाचं काय सांगावं, तो येतो की नाही. ती रोज यायची. ती वास घेऊन गेली की वाटायचं, झालं, आता कामाला लागायला हरकत नाही."

सकाळी लेक स्वयंपाकघरात आली तेव्हा चहाच्या डब्याशेजारी बशीत कडी होती, स्क्रूंसकट. पलीकडे खोलीचं दार नुसतं लोटलेलं.

तिने चहा केला आणि दार खांद्याने ढकललं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. कप ठेवायला ती वाकली आणि तशीच अवघडून थांबली. बापाच्या इतक्या जवळ ती लहानपणानंतर कधी गेली नव्हती.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त तोंड तिच्याकडे वळवलं आणि सावकाश, लांब श्वास सोडला.