ठोकून भरलेला कप

मी वजनमापे निरीक्षक. दुकानांतले तराजू तपासायचे आणि माप कमी भरणाऱ्यांना नोटीस द्यायची, हे माझे काम. बावीस वर्षांत एकाही दुकानदाराला मला फसवता आलेले नाही. बहिणीच्या स्वयंपाकघरात मात्र मी स्वतःलाच फसवले, तेही सहीनिशी.

ताईच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होते. कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्या बाई दर शुक्रवारी तिच्याकडून सहा केक घ्यायला तयार होत्या. आधी एक चाखणार होत्या, बुधवारी चार वाजता. तो केक भाचीला करावा लागणार होता आणि ताईची सगळी मापे कपांत होती.

"आई करते तेव्हा फुलतो, मी करते तेव्हा बसतो," भाची म्हणाली. "मला ग्रॅममध्ये हवंय."

"मग मामा कशाला आहे?" मी म्हणालो. खरे तर मला कोणी विचारले नव्हते.

मंगळवारी दुपारी ताई गोळी घेऊन झोपली असताना मी तराजू घेऊन हजर झालो. कपात मैदा भरला, ओट्यावर तीनदा ठोकला, खाली बसला तेवढी भर घातली, पुन्हा ठोकला. पोकळ माप म्हणजे गिऱ्हाइकाची लूट. एकशे सत्तावन्न ग्रॅम. सात वेळा मोजले, सातही वेळा तेवढेच. तक्ता केला, सही केली, खाली 'पुढील तपासणी एक वर्षाने' असेही लिहिले.

बुधवारी साडेबाराला केक ओव्हनमधून निघाला. भाचीने सुरी घातली. ती निम्म्यात अडकली.

"ओव्हन बिघडला असेल," मी म्हणालो.

ताईने एक तुकडा चावला, थांबली, आणि डाव्या हाताने पाण्याचा ग्लास ओढला. "मैदा कसा भरलास?"

मी करून दाखवले. तिसऱ्यांदा कप ठोकताना मला थोडा अभिमानच वाटत होता.

"अरे बाबा, मैदा आहे तो, खिळे नाहीत. चाळायचा, चमच्याने अलगद सोडायचा, वरून सुरी फिरवायची. ठोकायचा कशाला?"

"कमी भरू नये म्हणून."

"कोणाला कमी? केकला?"

भाचीने ताईच्या पद्धतीने कप भरून तराजूवर ठेवला. एकशे अठरा. मग तिने कागदावर वजाबाकी केली आणि तो माझ्याकडे सरकवला. तीन कपांच्या केकमध्ये मी चौथा कप घातला होता. माझा तराजू अचूक होता. मीच तेवढा चुकलो होतो.

दुसरा केक अडीचला ओव्हनमधून निघाला. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवले होते, हात मांडीवर ठेवून.

चारला बाई आल्या. एक तुकडा खाल्ला, मग न विचारता दुसरा घेतला. "शुक्रवारपासून पाठवा," त्या म्हणाल्या. निघताना त्यांना ओट्यावरचा पहिला केक दिसला. "हा कोणाचा?"

"हा निरीक्षकसाहेबांचा," ताई म्हणाली. "सरकारी मापाचा आहे."

संध्याकाळी भाचीने नवा तक्ता भिंतीला चिकटवला: 'मैदा, एक कप, चाळून: ११८ ग्रॅम. मामाने मोजलेला नाही.'

मी सवयीने खिशातून पेन काढले. सहीसाठी तिने जागाच सोडली नव्हती.