लांब बाह्यांचा शर्ट

खाज ज्याची त्यालाच कळते, असं सासूबाई म्हणतात. साफ खोटं. शेजारी कुणी रात्रभर करकरा खाजवत असेल तर ती आपल्यालाही कळते, आणि चांगली कळते.

माझ्या नवऱ्याला सोरायसिस आहे. कोपरं, गुडघे, कंबर आणि सगळी पाठ. लाल चट्टे, त्यावर पांढुरके पापुद्रे. सकाळी चादर झटकली की खाली कोंडा पडतो. हा रोग कुणाला लागत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला लागला का? पण जगाला कोण समजावणार! आधीच्या वर्कशॉपात एकाने ह्यांचा पेला वेगळा ठेवायला सुरुवात केली. मग डबा खाताना दुसरा जरा सरकून बसायला लागला. कुणी भांडलं नाही, कुणी कामावरून काढलं नाही. ह्यांनीच एक दिवस वेल्डिंगचे हातमोजे टेबलावर ठेवले, घरी आले, आणि परत गेलेच नाहीत.

नव्या ठिकाणी मात्र पहिल्या दिवसापासून लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. बाहेर अंगाची काहिली होत असली तरी बाही वर जायची नाही. तिथले लोक ह्यांना 'नवरदेव' म्हणतात. "काय नवरदेव, वरात कधी निघणार?" हेही हसतात. कपडे तिथे कधी बदलत नाहीत, काळेकुट्ट होऊन तसेच घरी येतात. आणि मला बजावून ठेवलेलं, "हे तिथे कळलं तर दुसऱ्या दिवसापासून मी जायचा नाही. या वयात नवं काम मला कुणी देणार नाही. तेव्हा तोंड सांभाळ."

मी आणि तोंड सांभाळणार! पण सांभाळलं.

औषधं म्हणाल तर काय केलं नाही ते विचारा. डांबराच्या वासाचा साबण आणला, तर घरात रस्ता बांधायला घेतल्यासारखा वास. ओटचं पीठ पाण्यात कालवून आंघोळ झाली, त्याने मोरीचं भोक तुंबलं. एक मलम लावलं तर चट्टे सोडून चांगलीच कातडी सोलून निघाली. शेजारणीच्या भावाने एक छोटी ट्यूब दिली. ती लावल्यावर आठवडाभरात पाठ लख्ख! मी तर त्या भावाला देवच मानायला निघाले होते. ट्यूब संपली, आणि गेलेलं सगळं दुपटीने परत आलं. सासूबाईंनी वांगं बंद केलं, आंबट बंद केलं, शेवटी बोलणंच काय ते चालू ठेवलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही ट्यूब कुणाच्या सांगण्यावरून लावू नका. आठवड्यातून तीनदा इथे या, मशीनचा प्रकाश देऊ." दिवसभर डोळे दिपवणाऱ्या प्रकाशात काम करणाऱ्या माणसाला औषध म्हणून पुन्हा प्रकाशच! मी हसले, पण बाई खरं तेच सांगत होत्या. अडचण एवढीच की तीनदा यायचं तर तीनदा रजा, आणि रजेला कारण द्यायचं काय? अडलं ते घोडं तिथेच.

मग औषधाच्या दुकानातल्या माणसाने एक मोठा डबा दिला. पांढरं, चिकट, तुपासारखं मलम. "रोग बरा होणार नाही," तो म्हणाला, "पण कातडी मऊ राहील, खाज बसेल. हात आखडू नका, भरपूर लावा."

भरपूर लावलं. सकाळी शर्ट घालायच्या आधी पाठीला मी स्वतः चोपडायची. आणि काय सांगू, खाज बसली हो! हे झोपायला लागले. घोरायला लागले. ते घोरणं ऐकत मी अंधारात डोळे पुसले. डबे आणले, संपले, पुन्हा आणले. शर्ट तेलकट व्हायचे, कितीही घासले तरी हाताला गुळगुळीत लागायचे. लागू देत, म्हटलं.

मी घरी शिवणकाम करते. लोकांचे कपडे आखूड करणं, सैल करणं, उसवलेलं शिवणं. ह्यांचे शर्टही मीच रफू करते, कारण वेल्डरच्या शर्टाला ठिणग्यांची भोकं पडणारच. मोहरीएवढं भोक, करपलेली कड, दोन टाके की झालं. पण इतक्यात भोकं मोठी पडायला लागली होती. बटणाएवढी, मग बटणाहून मोठी, भोवती तपकिरी वेढा. मला वाटलं, कापडच भिकार. दुकानात जाऊन मी त्या कापडवाल्याला असं फैलावर घेतलं की तो बिचारा दुसरं कापड फुकट द्यायला निघाला.

त्या दिवशी सकाळी हे लवकर गेले. मोठ्या टाकीचं काम होतं. "आत शिरून डोक्यावरचा जोड मारायचाय," जेवताना आदल्या दिवशी म्हणाले होते. "सगळ्या ठिणग्या अंगावर." मी म्हटलं, "जपून करा." त्यांनी मान हलवली. पाठीला मलम जरा जास्तच थापून मी त्यांना पाठवलं.

मग मशीनवर बसले. एका गिऱ्हाइकाच्या झग्याच्या नाड्या करायच्या होत्या. नायलॉनच्या नाडीचं टोक मेणबत्तीवर धरून वितळवावं लागतं, नाहीतर धागे सुटतात. मशीनच्या फळीवर मेणबत्ती लावलेली, बाजूला ह्यांचा कालच धुऊन वाळवलेला शर्ट रफूसाठी पडलेला. माझ्या कोपराचा धक्का लागला आणि शर्टाची बाही घसरून ज्योतीवर गेली.

कापड जळताना मी काय कमी वेळा पाहिलंय? आधी करपतं, धूर येतो, आपण झटकतो, विझतं. हे तसं नव्हतं. भपकन ज्वाला खांद्यापर्यंत गेली. मी झटकला तर आणखी भडकला. सासूबाई ओरडत आल्या आणि त्यांनी पाण्याची अख्खी कळशी मशीनवर उपडी केली. एरवी मशीनवर पाणी ओतणाऱ्याला मी सोडलं नसतं.

"धुतलेला ना गं तो?" सासूबाई म्हणाल्या.

"दोनदा."

मी उठले आणि मलमाचा डबा उचलला. पुढच्या बाजूला हसऱ्या बाईचा गुळगुळीत गाल. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एक छोटी ज्योत आणि खाली ओळ: कपड्यात मुरल्यास कपडा लवकर पेटतो, आगीपासून दूर ठेवा. एवढे डबे संपवले, पण डबा उलटा करून कुणी वाचला? भोकं का मोठी पडत होती ते मला उभ्या उभ्या कळलं.

फोन लावला. कामावर त्यांचा फोन कपाटात असतो, वाजत राहिला. ऑफिसात लावला. तिथला कारकून म्हणाला, "ते टाकीत आहेत. तासाभराने निरोप देतो. काय काम होतं?"

काय काम होतं! जिभेवर आलं होतं सगळं. पण हा कारकून म्हणजे गावभर दवंडी. "घरी अडचण आहे, आत्ताच्या आत्ता बाहेर बोलवा," म्हटलं.

"बघतो," म्हणाला. त्याचं ते बघतो मला चांगलं ठाऊक होतं.

जळक्या शर्टाची उरलेली बाही फाडून पिशवीत कोंबली आणि निघाले. सासूबाई मागून म्हणाल्या, "चप्पल घाल गं!" बस समोरून गेली. दुसरीची वाट बघायला माझ्यात दम नव्हता, पळत सुटले. पुढच्या थांब्यावर तीच बस गर्दीमुळे अडकलेली मिळाली. बसले, पण बसवेना. प्रत्येक थांब्यावर माणसं अशी निवांत चढत होती, जणू कुणाचंच कुठे काही जळत नाही. एका म्हाताऱ्याला मी चक्क हाताला धरून वर ओढलं. "देवा," मनात म्हणत होते, "खाज परत दे. दुप्पट दे. पण माणूस राहू दे."

फाटकावरच्या रखवालदाराला ढकलूनच आत शिरले. टाकी मधोमध उभी, खोलीएवढी, बाजूला माणूस वाकून शिरेल एवढं तोंड. त्या तोंडातून निळापांढरा उजेड लपलपत होता आणि चर्रचर्र आवाज येत होता. म्हणजे आत काम चालू होतं. मी पत्र्यावर मुठी आपटल्या. ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

उजेड थांबला. हे बाहेर आले, तोंडावरची काच वर केली. पुढून चामड्याचं आवरण होतं, पण खांदे आणि पाठ नुसत्या शर्टात. डाव्या खांद्यावर ताजं भोक, मुठीएवढं, कडा अजून धुरकटलेल्या.

"इथे कशाला आलीस?" आवाज दबका, पण डोळे लाल. "आई बरी आहे ना?"

"आई बऱ्या आहेत. शर्ट काढा."

"वेड लागलं का?"

मी जवळ जाऊन कानाशी सांगितलं. मलम, मेणबत्ती, बाही. ऐकता ऐकता त्यांचा हात खांद्यावरच्या भोकाकडे गेला. "आपोआप विझलं ते," पुटपुटले. मग आजूबाजूला पाहिलं. फोरमन येत होता. आणखी तिघे-चौघे हातातलं काम टाकून बघत होते. "अर्धा जोड राहिलाय. तेवढा मारतो आणि घरी येतो. तू जा."

"आत जाऊ देणार नाही मी."

"लोक बघताहेत. जा म्हणतो ना!"

फोरमन येऊन पोचला. जाडजूड माणूस, मिशा राखलेल्या. "काय वहिनी, काय भानगड?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. नको. त्या एका मानेत आमचं सगळं घर होतं. सांगितलं तर माणूस उद्यापासून घरी बसणार, नाही सांगितलं तर आत जाणार आणि त्याची मशाल होणार. रोगाचं नाव घेणार नाही, हा शब्द दिलेला होता. पण शर्टाबद्दल कुठे शब्द दिला होता?

पिशवीतून मी ती बाही काढली. पाण्यात भिजलेल्या बाजूची नव्हे, दुसरी, कोरडी राहिलेली. लोखंडी टेबलावर ठेवली. "लायटर आहे का हो?" फोरमनला विचारलं. त्याने खिशातून काढून दिला, गंमत वाटल्यासारखा. मी पेटवला.

भपकन गेली. सगळे मागे सरले. आगीशीच आयुष्य काढलेली माणसं ती, त्यांना सांगावं लागलं नाही.

"हा कसला कपडा?" फोरमनचा आवाज बदलला होता.

"ह्यांचा शर्ट आहे. धुतलेला. आत्ता अंगावर आहे तोही असाच."

फोरमनने त्या खांद्यावरच्या भोकाकडे पाहिलं. "शर्ट काढ."

हे हलले नाहीत.

"काढ म्हणतो ना! आत्ता!"

मी मेले तरी ती वेळ विसरणार नाही. ह्यांनी आधी गळ्याचं बटण काढलं. डोळे माझ्यावर रोखलेले, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. एकेक बटण निघालं, मनगटाची निघाली, शर्ट खाली पडला. लोखंडी छपराखाली, सगळ्यांसमोर, ती पाठ. लाल, सोललेली, मलमाने चकाकणारी.

एकजण एक पाऊल मागे झाला, मी पाहिलं. ह्यांनीही पाहिलं.

"लागत नाही हे कुणाला," हे म्हणाले, जमिनीकडे बघत. "खरंच लागत नाही."

फोरमनने आपलं जाकीट काढलं. अर्ध्या बाह्यांचं, घामट. पुढे धरलं.

"मलम लागेल त्याला," हे म्हणाले.

"घाल."

"साहेब, कोंडा—"

"अरे घाल ना, बाबा!" फोरमन खेकसला. "जोड मी मारतो. तू घरी जा, अंग धू, आणि डॉक्टरकडे जा."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. उघडी कोपरं मांडीवर घेऊन हे खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावरही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मलम आता फक्त झोपताना, मेणबत्तीला घरात बंदी. मी विचारायची, ते मानेने उत्तर द्यायचे, आणि सासूबाई आमच्या दोघांमध्ये टपाल खात्यासारख्या फिरायच्या. मी माफी मागितली नाही. कशाची मागू? माणूस जिवंत होता आणि माझ्यावर रुसलेला होता, मला तेवढं पुरे होतं. असं म्हणत होते खरी, पण आतून तुटत होते.

जाकीट मी गरम पाण्यात घालून घासलं, मलम राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा घासलं, इस्त्री केली. ते पाहून ह्यांचा चेहरा उतरला. मला कळलं त्यांना कसली भीती आहे ते. जाकीट परत दिलं आणि फोरमन म्हणाला, असू दे, तुलाच ठेव, तर? तर ती माया म्हणायची की किळस, हे कुणी कधी सांगणार नव्हतं. आणि ते कळल्याशिवाय हा माणूस तिथे टिकणार नव्हता.

सकाळी घडी पिशवीत घालून ते गेले. मी दिवसभर शिवलं आणि दिवसभर उसवलं. एक शिवण सरळ आली असेल तर शपथ.

संध्याकाळी दारात चपला वाजल्या. सासूबाईंनी दिलेलं पाणी ते प्यायले. पेला खाली ठेवला आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"घातलं साहेबांनी," म्हणाले. "हातातून घेतलं आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर अंगात घातलं."

मी हातातली शिवण बाजूला ठेवली.

"पाठीला खाज सुटलीय," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाठ करून बसले.