आपोआप पडलेली सीतेची वेणी

कारंज्याच्या जिनदासकडे फुलझाडं पुष्कळ होती, पण कुंडी एकच होती. बाकी सगळा कारभार हवेत. किराणा दुकानामागच्या अंगणात त्यानं आंब्याची आणि मोहाची लाकडं सुतळीनं टांगली होती आणि त्या लाकडांना आमऱ्या, म्हणजे ऑर्किडं, बसल्या होत्या. येणारा-जाणारा म्हणायचा, "जिनदासभाऊ, बांडगुळं काहून पाळता?" मग जिनदास गिऱ्हाईक सोडून त्याला समजवायचा. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी झाडाचं काहीच घेत नाही. शेजारीण ओट्यावर येऊन बसते, तशी ती फांदीवर बसते आणि पांढरी मुळं हवेत सोडून देते.

पूर्वेच्या भिंतीला बांदा नावाची आमरी होती. तिला सकाळचं ऊन लागायचं. चौकडीच्या लुगड्यासारखी पिवळी-तपकिरी फुलं, मधे निळी जीभ, आणि वास असा की दुकानातल्या हिंगालाही मागे सारायचा. त्या एकुलत्या कुंडीत अमरकंद होता. तो मातीतला. दिवाळीनंतर जो झोपायचा तो थेट मृगाला उठायचा, आणि मधल्या काळात त्याला थेंबभर पाणी दिलं तरी कुजायचा. हा कंद पहिल्यांदा त्या जैन घरात आला तेव्हा जिनदासची बायको अंगुरीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"आपल्या घरात कंद?"

"खायचा नाई व. पाहाचा हाये."

"मंग कांदेबी आना पाहाले!"

जिनदासनं आमऱ्यांनाही घरचेच नियम लावले होते. पाणी द्यायचं ते गाळूनच. दिवस मावळल्यावर नाही. अष्टमी-चतुर्दशीला उपास. सगळी पेठ हसायची, पण आमऱ्या फुलायच्या. त्याचा मेहुणा घेवरचंद यानं हट्टानं एक बांदा नेला, पितळेच्या घंगाळात शेणखत भरून त्यात लावला आणि रोज तीन वेळा पाणी घातलं. महिन्याभरात त्याचा चिखल झाला. "तुह्या बांद्याले अजीर्ण झालं बा," असं जिनदासनं त्याला फार गंभीरपणे सांगितलं.

सगळ्यांत मोठा नियम वेगळाच होता. रानातल्या झाडावरून आमरी तोडून आणायची नाही. फांदी आपोआप पडली असेल तरच घ्यायची.

या आमऱ्या आणायची मोतीबाई. पोहरादेवीकडच्या तांड्यावरची ही बाई बाजाराच्या दिवशी डिंक आणि चारोळी घेऊन कारंज्याला यायची. ओढणीखालून लाकडाला चिकटलेली आमरी काढायची तेव्हा जिनदास दरवेळी विचारायचा, "आपोआप पडली ना?"

"हो सेठ. वाऱ्यानं पडली."

"काल तर पानबी हलत नव्हतं."

"आमच्याकडचा वारा अलग हाये."

जिनदास गुळाचा खडा जरा मोठाच काढून द्यायचा. आत अंगुरीबाई पदर तोंडाला लावून हसायची.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. एका बाजाराला मोतीबाईनं सहज सांगितलं की नाल्याकाठच्या जांभळावर सीतेची वेणी आहे. जिनदासच्या हातातलं माप तसंच राहिलं. सीतेची वेणी म्हणजे हातभर लांब, खाली लोंबणारा, पांढऱ्या-गुलाबी फुलांचा घोस. ती त्यानं फक्त ऐकली होती.

"पडली का?" त्यानं विचारलं.

"पडली असती तर आनली नसती?"

पुढच्या बाजाराला त्यानं विचारलं, "पडली का?" त्याच्या पुढच्यालाही तेच. मग प्रश्न बदलत गेले. फांदी जुनी आहे का? कीड लागली आहे का? तिकडे वादळ बिदळ काही? शेवटी एक दिवस जेवताना अंगुरीबाई म्हणाली, "हातानं नाई तोडली तुमी. पण मनानं दोन महिन्यांपासून तोडूनच राह्यले. तो हिशेब कोनाच्या नावावर लिहाचा?"

जिनदासनं भाकर ताटात ठेवली. पाणी पिऊन तो म्हणाला, "मी नुसता पाहून येतो."

"या ना पाहून," अंगुरीबाई म्हणाली. तिनं दशम्या आणि लोणचं बांधून दिलं. तो टोपी शोधत होता तेवढ्यात तिनं त्याला न्यायला दारात आलेल्या मोतीबाईच्या कानात काहीतरी सांगितलं.

जेठ महिना लागला होता. मानोऱ्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, आणि शेवटचं कोसभर पायी, असं करत दोघं नाल्यावर पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. पण नाल्याच्या घळीत गारवा होता. जांभळाच्या एका आडव्या फांदीवर सीतेची वेणी बसली होती आणि तिचे तीन घोस खाली सुटले होते. जिनदासनं टोपी काढली. देवळात तो टोपी घालायचा. इथे का काढली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

मोतीबाईनं कमरेची कोयती हातात घेतली. "तोडू का सेठ?"

"नाई नाई! पडली नाई ना ती."

"मंग चाला घरी."

जिनदास हलला नाही. "मोतीबाई, ती फांदी वाळल्यासारकी दिसते ना?"

"हिरवीगार हाये."

"बुडाशी जराशी?"

"बुडाशीबी."

जिनदासनं घसा खाकरला. "मी जरा नाल्याच्या तिकडे पायतो. झाडं कोनती हायेत, काय हायेत. तिकडे पायलं का मले मागचं काही समजत नाई. आयकूबी कमीच येते."

एवढं बोलून त्यानं जांभळाकडे पाठ केली.

तो उभा राहिला. मागे काही आवाज येईना. एक मुंगळा धोतरावरून वर चढू लागला, पण त्यानं त्याला हात लावला नाही. सवयीनं त्याच्या ओठांवर णमोकार मंत्र आला आणि दुसऱ्या ओळीला तो थांबला. हे काही णमोकार म्हणायचं काम नव्हे, असं त्याला वाटलं. मुंगळा गुडघ्यापर्यंत आला.

"झालं का?" त्यानं न वळता विचारलं.

"काय झालं का?"

तो वळला. मोतीबाई दगडावर आरामात बसून सुपारी कातरत होती. कोयती बाजूला पडली होती. वर वेणी जशीच्या तशी.

"सेठानीबाईनं सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "म्हने, तोडा असं ते सांगनार नाईत. पाठ फिरवतेत का तेवढं पाह्य. फिरवली ना बा तुमी!"

जिनदास तिच्यासमोर खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं हळूच विचारलं, "आन् त्या आधीच्या? त्याबी तू तोडल्या?"

"नाई. ठेकेदाराचे मानसं जंगलाचा कूप तोडतात ना, तठीच्या पडलेल्या झाडांवरून काढल्या. कुऱ्हाडीचं नाव सांगतलं असतं तर तुमी घेतल्या असत्या का?"

"म्हंजे झाडं पडलेलीच होती."

"पडलेलीच."

"आपोआप?"

"कुऱ्हाडीनं आपोआप."

आता जिनदासलाच हसू फुटलं. असं हसू, की डोळ्यांना पाणी आलं. त्यानं दशम्या सोडल्या, अर्ध्या तिच्यापुढे ठेवल्या, आणि मोकळ्या मनानं म्हणाला, "राहू दे तिले तठीच. चांगली बसली हाये."

हा विचार त्यानं अगदी मनापासून केला होता. दुसरी दशमी संपेपर्यंत तो टिकलाही. तेवढ्यात वर पानं खळखळली. जांभळं पिकू लागली होती आणि वानरांचा कळप आला होता. पाच-सहा पोरंसोरं, आणि मागून एक थोराड हुप्प्या. त्यानं पलीकडच्या झाडावरून जी उडी घेतली ती नेमकी त्या आडव्या फांदीवर. जांभळाचं लाकूड ठिसूळ. कडाड् असा आवाज झाला, हुप्प्या कसाबसा वरच्या फांदीला लोंबकळला आणि खालची फांदी, वेणीसकट, जिनदासच्या लोणच्यावर येऊन पडली.

दोघंही तोंडात घास तसाच ठेवून पाहत राहिले.

"आपोआप," मोतीबाई म्हणाली.

ओल्या गमछ्यात गुंडाळलेली वेणी घेऊन दुसऱ्या दिवशी जिनदास घरी पोचला. अंगुरीबाईनं आधी गमछा पाहिला, मग त्याचं तोंड.

"पाठ फिरवली होती का?"

"फिरवली," जिनदास म्हणाला.

"मंग?"

"मंग काही नाई झालं. मोतीबाईनं तोडली नाई. जेवाले बसलो, तं वानर आलं आन् त्यानं फांदी पाडली."

अंगुरीबाई उंबऱ्यावर बसून पोट धरून हसली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घेवरचंदच्या दुकानात गेली आणि तिथून पेठेत. "जिनदासभाऊ, आमच्या विहिरीतली घागर काढाची हाये, तुमचं वानर पाठवता का?" असं लोक विचारू लागले. जिनदास दात-ओठ खात बाजाराच्या दिवसाची वाट पाहू लागला. मोतीबाई आली तेव्हा त्यानं तिला सगळ्यांच्या समोर ओट्यावर उभं केलं.

"सांग या लोकायले. फांदी कोनं पाडली?"

मोतीबाईनं जमलेल्या लोकांकडे पाहिलं, दारात उभ्या अंगुरीबाईकडे पाहिलं, आणि फार निरागसपणे विचारलं, "कोनती फांदी?"

त्या हशानं रस्त्यावरचे बैल बुजले.

वेणीला मात्र कारंजा मानवेना. जिनदासनं ती बांद्याशेजारी उन्हात टांगली तर पानं भाजली. सावलीत नेली तर सुरकुतली. त्यातच अष्टमी-चतुर्दशीचे उपास. शेवटी अंगुरीबाईनं त्याला न विचारता ती उचलून न्हाणीजवळच्या निंबाखाली बांधली. तिथे सकाळभर गार ओलावा राहायचा.

"नाल्याकाठची पोर हाये ती," ती म्हणाली. "तिले उपास कायले करवता? लेकुरवाळीले, आजाऱ्याले सूट असते का नाई?"

वेणीला सूट मिळाली. पावसाळ्यात वेणीला हिरव्या टोकांची नवी मुळं फुटली, हिवाळ्यात ती लाकडाला घट्ट धरून बसली, आणि पुढच्या वैशाखात एक घोस सुटला. एकच, पण हातभर.

तो पाहायला मोतीबाई आली. जिनदास दुकानात माप करत होता. दोघी बाया निंबाखाली उभ्या राहिल्या. मोतीबाई हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमाले एक सांगू का? वानर खरंच आलं होतं."

"मले मालूम हाये."

"कसं काय?"

"पाठ फिरवल्याचं ज्यानं खरं सांगतलं, तो वानराचं खोटं कायले सांगन?"

"मंग वरीसभर हसून राह्यल्या तुमी?"

"तू नाई हसली?"

दोघीही एकदम इतक्या मोठ्यानं हसल्या की दुकानातून आवाज आला, "काय झालं व?"

"काही नाई!" अंगुरीबाई ओरडली. "भिंतीवर वानर आलं हाये!"

आत तराजू खणकन खाली पडला. गिऱ्हाईक तसंच सोडून, अनवाणी, जिनदास अंगणात धावत आला आणि वेणीपुढे दोन्ही हात पसरून, रिकाम्या भिंतीकडे डोळे वटारून उभा राहिला.