घरातला एक मुलगा, वय नऊ

नोंद नाही तर गोष्ट झालीच नाही, असा त्या घराचा कायदा होता. कोण किती वाजता उठलं, कोण जेवलं, कोण जेवलं नाही आणि का, कोणाचा दात पडला, कोण कोणाला काय बोललं, सगळं दारामागच्या मोठ्या वहीत जायचं. वहीला सुतळीने पेन्सिल बांधली होती आणि पानांना नंबर घातले होते, म्हणजे कोणाला पान फाडायची बुद्धी झालीच तर मधला गायब नंबर बोंब मारेल. लिहायचं काम मावशीचं. मावशी म्हणजे कोणाच्याच आईची बहीण नव्हे. आठ मुलांच्या त्या घराची ती प्रमुख होती, आणि पगाराच्या कागदावर तिचं पद वेगळंच काहीतरी लांबलचक होतं. हाताखाली नवं माणूस आलं की ती त्याला एवढंच शिकवायची: जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते वाटू द्या.

मुलांत सगळ्यात मोठी मुकादम. हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हतं. सकाळी आठ जणांना एका न्हाणीघरातून पाऊण तासात बाहेर काढायचं काम ती करायची, आणि असलं काम करणाऱ्याला असलं नाव पडायला वेळ लागत नाही. दहा वर्षांची असताना ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन इथे आली होती. तो भाऊ आता नऊ वर्षांचा झाला होता. त्याला सगळे वकील म्हणत, कारण झोपायला सांगितलं तरी तो आधी कारण विचारायचा, आणि कारण पटलं तरी अपील करायचा.

मुकादमला अठरावं पुरं व्हायला तीन आठवडे उरले होते. अठरा पुरी झाली की घर सोडायचं, याला अपील नव्हतं. पुढे दोनच वाटा होत्या. दोन गल्ल्या पलीकडे शिंप्याच्या दुकानावर एक खोली होती, ती एकटं राहू शकणाऱ्यांना मिळायची. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी मोठ्यांचं वसतिगृह होतं, बसने पाच तासांवर. दोन गल्ल्या म्हणजे भाऊ रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर. पाच तास म्हणजे वर्षातून दोनदा, तेही बस मिळाली तर. मुकादमला शिंप्यावरची खोली हवी होती. इतकी हवी होती, की तिने ते तोंडाने कोणाकडे काढलंसुद्धा नव्हतं.

खोली मिळवायची तर आधी घराच्याच माळ्यावर, शिंप्यावरच्या खोलीच्याच मापाच्या सरावाच्या खोलीत, चौदा दिवस एकटीने काढायचे. बाजार आपला, स्वयंपाक आपला, उठणं आपलं. पंधराव्या दिवशी तपासणीच्या मॅडम येऊन पास की नापास ते सांगणार. जिन्याच्या भिंतीवर नियम लावले होते आणि ते सगळ्यांना तोंडपाठ होते. त्यातला चौथा सगळ्यात कडक: या दिवसांत घरातल्या मुलांना वर जायला बंदी. मोडला तर चौदा दिवस बाद, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि तीन आठवड्यांत चौदा दिवस दोनदा बसत नाहीत, एवढं गणित वकिलालाही येत होतं.

पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याकडे गेली. त्याने सवयीने तीसचा ट्रे उचलला. तिने तीन अंडी मागितली. तो ट्रे हातात घेऊन तसाच उभा राहिला, बहुतेक तिचं वाक्य अजून पुरं व्हायचंय असं त्याला वाटलं असावं. मग तीन अंडी कागदात बांधून देताना त्याने आवाज खाली आणून विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना. तिने हो म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. निघताना त्याने आणखी एक अंडं फुकट दिलं.

दुपारी ती जेवली, ताट धुतलं आणि खुर्चीत बसून राहिली. काहीतरी राहून गेलं होतं. गॅस बंद होता, नळ बंद होता, दाराला कडी होती. अर्ध्या तासाने उलगडा झाला: आपण जेवलो हे कोणी लिहिलंच नाही. माणसाने जेवावं आणि त्याची कुठे नोंद नसावी, असं गेल्या आठ वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. तिने कोरी वही काढली, पानांना नंबर घातले, सुतळीने पेन्सिल बांधली आणि लिहिलं: ‘मुलगी दुपारी एकला जेवली. अंडी दोन, पाव दोन. तक्रार नाही.’ तेव्हा कुठे ते अन्न तिच्या अंगी लागलं.

तेव्हापासून ती रोज लिहायला लागली. दुसऱ्या दिवशी: ‘मुलगी सहाला उठली. उठवावं लागलं नाही. उठवायला कोणी नव्हतं.’ तिसऱ्या दिवशी: ‘मुलगी एकदा रडली. कारण विचारलं. सांगितलं नाही.’ चौथ्या दिवशी तिने अंघोळीला पंचवीस मिनिटं घेतली आणि त्याबद्दल स्वतःला समज दिली, तीही वहीत चढली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात वकील उभा होता. तिने नियम चार म्हणून दाखवला. तो म्हणाला, बंदी वर जायला आहे, वर येऊन पोचलेल्या माणसाचं काय करायचं ते नियमात नाही. कशाला आलास, ते मात्र त्याने सांगितलं नाही. तो खोलीत शिरला आणि टाचेला अंगठा लावत इकडून तिकडे चालत राहिला, तोंडातल्या तोंडात आकडे मोजत. मुकादमने त्याला तिथल्या तिथे खाली पिटाळायला हवं होतं. हे तिला कळत होतं. तरी तिने विचारलं काय, तर भूक लागलीये का.

त्याला लागली होती. त्याला भूक नाही असं कधी व्हायचंच नाही म्हणा. तो दोन अंडी खाऊन गेला. ती त्याच्याकडे बघत कोरडा पाव खात बसली आणि त्या सहा दिवसांत तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तो गेल्यावर तिने वही ओढली आणि हाताला वळण होतं तसं लिहिलं: ‘संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी घरातला एक मुलगा (वय नऊ) वर आला. अंडी दोन खाल्ली. सहा पंचावन्नला खाली गेला. मुलगी हसली, एकदा.’

लिहून झाल्यावर तिने ते वाचून पाहिलं. नियम मोडला तो मोडला, वर आपल्याच हाताने, घड्याळ लावून, त्याचा पुरावा करून ठेवला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं असतात, पण धोंड्याचं वजन लिहून ठेवणारी ही पहिलीच. पान फाडायचा विचार तिच्या मनात आला. पानावर नंबर होता, आणि तो तिनेच घातला होता. तिने वही गादीखाली सारली आणि उरलेले आठ दिवस नाकासमोर बघून काढले.

पंधराव्या दिवशी सकाळी अकराला तपासणीच्या मॅडम आल्या. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी ओट्याचा फडका हुंगला, नळ सोडून बंद केला, अंथरुणाची घडी पाहिली आणि फाइलमध्ये एकेक खूण केली. मुकादम भिंतीला टेकून उभी होती. शेवटी मॅडमनी सहज विचारलं, की काही लिहून वगैरे ठेवतेस का. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण थेट विचारल्यावर खोटं बोलायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिने गादी उचलली आणि वही काढून दिली.

मॅडम पहिलं पान उभ्याने वाचत होत्या, दुसऱ्या पानाला खुर्चीत बसल्या.

“हे तुला कोणी लिहायला सांगितलं?”

“कोणी नाही.”

“मग कशाला लिहिलंस?”

“नाहीतर कळणार कसं?”

“कोणाला?”

मॅडम वाचत वाचत सहाव्या दिवसापर्यंत आल्या, तिथे थांबल्या, पानात बोट ठेवून वही मिटली आणि म्हणाल्या, खाली चल.

खाली टेबलावर वकील बसला होता, शाळेला सुट्टी होती. मावशी भाजी निवडत होती. मॅडमनी दारामागची मोठी वही मागवली आणि त्याच तारखेचं पान काढून मोठ्याने वाचलं: ‘सहा ते सात, सर्व मुले अभ्यास करत होती. आठपैकी सात हजर, एक माळ्यावर सरावाला.’ खाली मावशीची सही होती.

मुकादमने मावशीकडे पाहिलं. मावशी छताच्या पंख्याकडे बघत होती. बावीस वर्षांत त्या बाईने वहीत एक ओळ खोटी लिहिली नव्हती. ताप नव्याण्णव असला तर शंभर लिहिला नव्हता. तिने वकिलाला जिन्यावरून खाली येताना पाहिलं असणार आणि मग बसून ही ओळ लिहिली असणार. मुकादमला एकदम रडूच आलं. मावशीने तिच्यासाठी खोटं लिहिलं, आणि तिने खरं लिहून मावशीला पकडून दिलं.

“दोन वह्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “एक खोटी आहे. कोणती?”

“माझी,” मुकादम म्हणाली. “तो आलाच नव्हता. मला एकटं वाटत होतं, म्हणून आला असं लिहिलं.”

आयुष्यातलं तिचं हे पहिलं खोटं, आणि त्यातही एकटं वाटत होतं तेवढं खरं निघालं. मावशी भाजी बाजूला सारून म्हणाली, की पोरीचं काही ऐकू नका, चूक माझी आहे. या दोघींची दोष आपल्यावर घ्यायची चढाओढ वकिलाने शांतपणे ऐकून घेतली.

“मी गेलो होतो,” तो म्हणाला. “दोन अंडी खाल्ली. एक आतून कच्चं होतं.”

संपलं. मुकादमच्या डोळ्यांसमोर बस उभी राहिली, खिडकीसकट. भावावर तिला रागही येईना. तो खरं बोलला होता, आणि तेच तर सगळ्यांनी मिळून त्याला शिकवलं होतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“नियम चार काय आहे?”

मावशीने तो खाली मान घालून म्हटला. “सरावाच्या काळात घरातल्या मुलांना वर जाण्यास बंदी आहे. नातेवाइकांना दिवसातून एक तास भेटता येईल, नोंद करून.”

“पुन्हा म्हणा.”

मावशीने पुन्हा म्हटला, शब्द न शब्द तसाच. मॅडमनी वाट पाहिली. मग त्या मुकादमकडे वळल्या.

“हा मुलगा तुझा कोण?”

“भाऊ,” मुकादम म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला ऐकू आलं आपण काय म्हणालो ते. मावशी उठायला निघाली होती ती परत खाली बसली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कोणीही म्हणेल. पण म्हणणाऱ्याने त्या घरात राहून बघावं. तिथे नातेवाईक म्हणजे रविवारी येणारी माणसं. इस्त्रीचे कपडे घालून, फळांची पिशवी घेऊन येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि घड्याळाकडे बघतात. ती इतर मुलांकडे यायची. या दोघांकडे आठ वर्षांत कोणी आलं नव्हतं. नियमाचं दुसरं वाक्य त्यांना पाठ होतं, पण आपण कधीच न जाणार असलेल्या गावाच्या गाडीची वेळ पाठ असावी तसं. रोज एका टेबलावर जेवणारा, आपल्याच जुन्या स्वेटरमध्ये वाढलेला पोरगा नातेवाईक असू शकतो, हे तिघांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. वकिलाच्यासुद्धा नाही, आणि हे त्याला फार लागलं.

“सहा पाच ते सहा पंचावन्न,” मॅडम म्हणाल्या. “पन्नास मिनिटं. दहा उरली. फक्त नोंद भेटीच्या वहीत हवी होती.”

त्यांनी फाइलमध्ये शेवटची खूण केली, सही केली आणि कागद मुकादमच्या हातात दिला. मुकादमने तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा पास असंच लिहिलेलं होतं. मावशीला त्यांनी मोठ्या वहीतली ती ओळ एका रेघेने खोडून बाजूला सही करायला लावली. मावशीने केली. रेघ वाकडी आली.

मग भेटीची वही निघाली. तिच्यात प्रत्येक मुलाचं एक पान होतं. मुकादमचं पान उघडलं तर वर तिचं नाव आणि खाली नुसते रकाने, आठ वर्षांचे. वकिलाने तारीख घातली, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. नातं: भाऊ. भेटीचं कारण या रकान्यात त्याने कोणालाही न विचारता लिहिलं: ‘खोलीत दुसरी गादी बसते का ते बघणे. बसते.’

ते वाचून मुकादम तोंड धुवायला आत गेली. बऱ्याच वेळाने आली. मॅडम निघण्याच्या तयारीत होत्या. त्या जाता जाता म्हणाल्या, की आता पुढच्या सोमवारपासून तू बाहेरची, इथे याला भेटायला येशील तेव्हा याच्या पानावर नोंद करायची, विसरायचं नाही.

वकिलाने हे ऐकलं आणि पानं उलटून आपलं पान काढलं. तेही कोरंच होतं. त्याने सोमवारची तारीख घातली, पुढे बहिणीचं नाव, नातं बहीण. खाली मंगळवार, बहीण. बुधवार, बहीण. मुकादम त्याच्या खांद्यावरून बघत राहिली. जे अजून झालं नाही ते लिहायचं नाही, हे मावशी त्या घरात बावीस वर्षं सांगत आली होती. ती उठून आली, तिने पान पाहिलं, त्याच्या हातातली बोथट पेन्सिल घेतली आणि टोक करून परत दिली.