यादीतली चौथी

सोमवारी सकाळी मीनूची नखं बघितली. पांढरीफटक. ओठांनाही रंग नाही.

माझी मुलगी मीनाक्षी पाच वर्षांची. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी बाटली चढवावी लागते. इस्पितळात तिच्या नावाची बाटली अकरा वाजेपर्यंत राखून ठेवत. अकरानंतर ती बाकावर बसलेल्या पुढच्या मुलाला.

संपाला दोन वर्षं होऊन गेली होती. मिटला असं कुणी सांगितलं नव्हतं, पण गिरणीचा भोंगाही वाजत नव्हता. माझे यजमान कुडाळला चुलतभावाच्या दुकानात राबत होते आणि मी दादरला एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. दर खेपेला टॅक्सी करणं आमच्या चाळीत कुणालाच झेपत नव्हतं, आणि भरल्या बसमध्ये मीनूला धाप लागे. म्हणून मीच ही व्यवस्था बसवली. शिवडीचे हरेश्वर कोळी सकाळी बाजारात मासळी टाकून मोकळे झाले की टेम्पो धुऊन लालबागला आमच्या चाळीखाली आणत. ज्यांना बसमध्ये चढवत नाही ते इथूनच टेम्पोत बसत. शिवडी-भायखळ्याकडचे पेशंट बसने वाटेतल्या नाक्यावर उतरत. टेम्पो तिथे त्यांच्यासाठी थांबे आणि सगळ्यांना इस्पितळाच्या दारात सोडी. कुठली बस कधी येते ते मी महिनाभर थांब्यावर उभं राहून टिपलं होतं. यादी मी करायची, कार्बन लावून, एक प्रत ड्रायव्हरकडे, एक माझ्या पर्समध्ये.

यादीच्या माथ्यावर लाल शाईत एक ओळ असे. ती यादीतल्या दगडूमामांमुळे आली. दिवाळीनंतर एकदा त्यांची बस उशिरा आली, टेम्पो निघून गेला होता. मामा चालत निघाले, पुलावर दम खायला बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून मी लिहीत असे, ‘यादीतला माणूस आल्याशिवाय गाडी हलवायची नाही.’

त्या सोमवारी हरेश्वर तापाने पडले होते. टेम्पो त्यांच्या भाच्याने, धर्माने आणला. शिवडीचे जयवंत दर वेळी नाक्यावर चढत, त्यांचाही निरोप आला की आज येत नाही. उरल्या मीनू, तिला घेऊन जाणाऱ्या माझ्या सासूबाई आणि पायाची पट्टी बदलायला निघालेल्या शेजारच्या कमळाबाई.

कमळाबाईंनी टेम्पोत टाकलेला पाय खाली घेतला. “म्हणजे तिघीच? दवाखान्याच्या वाटेला? मी नाय बाई येत.”

“ड्रायव्हर धरून चार होतात की,” मी म्हटलं.

“ड्रायव्हर काय पेशंट हा?” सासूबाई म्हणाल्या. “तिघांनी जावचा नाय गो.”

“मग चौथा म्हणून खडा घ्या पदरात. लग्न ठरवायला जाताना घेता तसा.”

“लग्नाक खडो चलता. इस्पितळात खडो नेलो तर आजार जड होता.”

“बी.ए. झाली, पण एवढं ठाऊक नाय,” कमळाबाई म्हणाल्या.

नऊ वाजत आले होते. छापखान्यात लेटमार्क बसला असता. मीनू सासूबाईंच्या खांद्यावर मान टाकून होती, तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती.

“चौथी आहे,” मी म्हटलं. “मंजुळाबाई. शिवडीहून बसने येतायत, नाक्यावर चढतील.” आणि त्यांच्यादेखत लिहिलं, ‘४. मंजुळा, शिवडी, बस.’

कमळाबाई निमूट चढल्या. धर्माने यादी खिशात घातली. “बिनघोर जा, वहिनी. हरेश्वरमामाने बजावलंय, यादी भरल्याबिगर गाडी हलणार नाय.”

मी मान डोलावली आणि बससाठी धावले.

दर खेपेला मी छापखान्याच्या मालकांच्या टेबलावरून वॉर्डात फोन करी. पावणेदहाला केला. “नाही आली अजून,” सिस्टर म्हणाल्या. सव्वादहाला पुन्हा केला. “नाही.” मालक म्हणाले, “अहो, कुठे मोर्चात अडकली असेल.” मी प्रूफ पुढे ओढलं, पण ओळी दिसेनात. साडेदहाला सिस्टर वैतागल्या. “बाई, बाकावर दोन मुलं बसलीत. त्यांनाही आया आहेत. अकराच्या पुढे मी थांबणार नाही.”

टेम्पो बंद पडला असेल, टायर बसला असेल, असं घोकत मी पर्समधली कार्बनची प्रत काढली. कोण कुठे चढणार ते बोटाने वाचत खाली गेले. चौथ्या नावावर, मीच बनवलेल्या नावावर, बोट थांबलं. मग वरची ओळ वाचली. कार्बनमध्ये ती निळी उमटली होती.

मालकांना काय सांगितलं आठवत नाही. टॅक्सी केली. परळपर्यंत रस्ता मोकळा होता, पुढे ट्रक आडवा. उतरून नाक्याकडे पळत सुटले.

टेम्पो थांब्याला चिकटून उभा होता. धर्मा रस्त्यात उतरून बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होता, “मंजुळाबाई काय? शिवडीच्या?” कमळाबाई हौद्यातून मान लांब करून बघत होत्या. सासूबाईंकडे घड्याळ नव्हतं. वेळ सांभाळण्याचं काम माझं होतं.

“वहिनी, सहा बस सोडल्या,” धर्मा म्हणाला. “आजी घाई करत होती, पण मी म्हटलं, लाल शाईत लिवलंय.”

“चल! आधी चल!”

“आणि ती बाई?”

“नाही येत ती. चल रे!”

वॉर्डात पोचलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. मीनूच्या नेहमीच्या खाटेवर दुसरा मुलगा होता, त्याच्या हाताला नळी लागलेली. थेंब पडत होते. त्याची आई माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. सिस्टरनी मीनूची पापणी ओढून आत बघितलं.

“हिच्या गटाचं रक्त आता गुरुवारी मिळेल,” त्या म्हणाल्या. “तोवर तुम्ही झोपायचं नाही, हिचे श्वास मोजत राहायचं. श्वास जोरात चालला तर इथे थांबू नका, खाली तातडीच्या विभागात न्या.”

सोमवार ते गुरुवार. मी बोटांवर दिवस मोजले.

परत येताना मीनू माझ्या मांडीवर निजली.  सासूबाई हळूच म्हणाल्या, “त्या शिवडीच्या बाईचा काय झाला असात गो? कोणाक तरी धाडून बघूक होया.”

 मी मीनूच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. एक मिनिटात चव्वेचाळीस. नाक्यापाशी पुन्हा मोजले. सत्तेचाळीस.